दुवेकरी

भिक्षा मागतो तो भिक्षेकरी. त्याच न्यायाने, इतरांच्या संकेतस्थळावरून आपल्या संकेतस्थळाकडे नेणारा दुवा, म्हणजे धंद्यातल्या भाषेत बॅकलिंक, मागत फिरणाऱ्या इसमास दुवेकरी म्हणणे प्राप्त आहे. हा प्राणी पुण्या-मुंबईतच आढळतो असा समज असल्यास, जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील, वाटाण्याच्या शिवारातल्या पनागरने तो केव्हाच खोटा ठरवला आहे. तेथील एका मराठी घरातला दुवेकरी वडिलोपार्जित बियाण्याच्या दुकानाचे संकेतस्थळ चालवतो. दुवा म्हणजे आशीर्वाद एवढेच ठाऊक असलेल्या त्याच्या आईला मात्र मुलगा रात्रंदिवस लोकांचा दुवा घेतो याचे मोठे समाधान आहे.

या खटाटोपाचे मूळ लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात घडवलेल्या आणि १९९८ मध्ये मांडलेल्या पेजरँक पद्धतीत आहे. एका पानाने दुसऱ्यास दिलेला दुवा हे मत समजावे, आणि ज्या पानाला स्वतःला वजनदार मते पडली आहेत त्याच्या मताचे वजनही अधिक धरावे, हे तिचे मर्म. आमदाराच्या ओळखीने आलेल्या पाहुण्याला आणि नुसत्याच आलेल्या पाहुण्याला एकसारखा चहा मिळत नाही, हे पनागरला त्याआधीही माहीत होते.

दुव्याच्या ज्या शब्दांवर बोट ठेवायचे असते त्यांना अँकर टेक्स्ट म्हणतात. ते शब्द ग्राहक जे शोधतो तेच असावेत, हे सूत्र दुवेकऱ्याच्या जिभेत इतके मुरले आहे की ‘कुठे आहेस?’ या प्रश्नाला तो ‘दुकानात’ असे उत्तर देऊच शकत नाही. तो ‘जबलपूरजवळील खात्रीशीर वाटाणा-बियाण्याच्या दुकानात’ असतो. बहिणीच्या लग्नपत्रिकेत ‘आमच्या येथे’ आणि ‘श्रीकृपेकरून’ यांच्यामध्ये हेच दुकान शिरले. एका वृद्ध नातलगाच्या श्रद्धांजलीत दिवंगताचे वर्णन ‘जबलपूरजवळील खात्रीशीर वाटाणा-बियाणे विक्रेत्यांचे मामा’ असे झाले, तेव्हा मामींनी तेरावा होईपर्यंत त्याच्याशी बोलणे टाकले. परस्परांना दुवे देण्याच्या व्यवहाराला तो आहेराची परतफेड म्हणतो, तर केवळ दुवे पिकवण्यासाठी उभारलेल्या संकेतस्थळांच्या जाळ्याला लिंक फार्म म्हणतात असे त्याने सांगितल्यावर शेजारच्या शेतकऱ्याने एकरी उतारा विचारला होता.

एप्रिल २०१२ मध्ये गूगलने पेंग्विन नावाचा बदल आणून, विकतच्या आणि एकाच साच्यातल्या शब्दांनी ठासलेल्या दुव्यांवर कुऱ्हाड चालवली, हे दुवेकऱ्याला पाठ आहे. तरीही शेंगेतली अळी दिसत असताना पोत्याचे वजन भरावे म्हणून ती आत लोटणाऱ्या व्यापाऱ्याप्रमाणे तो तेच शब्द ठासत राहतो.

त्याच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावी लागते. मेलेले दुवे, म्हणजे ज्यांच्या पलीकडचे पान नाहीसे झाले आहे असे दुवे, शोधून मालकाला कळवायचे आणि त्या जागी आपला दुवा सुचवायचा, ही धंद्यातली मान्य रीत आहे; परंतु दुवेकरी कुण्या निवृत्त मास्तरांचे जुन्या विहिरींवरील संकेतस्थळ रात्री दोनपर्यंत वाचत बसतो, मेलेले दुवे कळवतो, वर शुद्धलेखनही सुधारून देतो, आणि या नादात बियाण्याचे नाव काढायचेच विसरतो.

दुकानात नवे गिऱ्हाईक आले की पत्ता कुठून मिळाला हे विचारून तो वहीत खूण करतो. ‘गूगल’ या रकान्यात गेल्या हंगामातल्या खुणा बोटांवर मोजण्याजोग्या आहेत. शेजारचा रकाना मात्र सिहोऱ्याकडून आलेल्या शेतकऱ्यांनी भरून वाहतो, ज्यांना पत्ता देवळाच्या पायरीवर किंवा बसमध्ये त्याच्या आईने सांगितला होता. त्या रकान्याच्या माथ्यावर, एकही विशेषण न लावता, त्याने ‘आई’ एवढेच लिहिले आहे.