मांडीतली शेळी

विंग चुन या चिनी युद्धकलेचा पहिला धडा नुसतं उभं राहण्याचा असतो. सत्तेचाळीस वर्षं मी उभाच होतो: रेशनच्या रांगेत, एस.टी.च्या दारात, मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर. ते सगळं चुकीचं होतं, हे मोबाईलमधल्या एका गुरुजींनी मला हिंगोलीतल्या माझ्याच गच्चीवर सांगितलं.

मूळ खोड 'इप मॅन' या सिनेमाची. इप मॅन हे ब्रूस लीचे गुरू. 1893चा जन्म, उतारवयात हाँगकाँगात क्लास चालवायचे. सिनेमात ते एकटेच दहा जणांना लोळवतात आणि अंगरख्याला सुरकुतीही पडत नाही. शिवाय ही कला म्हणे एका भिक्षुणीनं एका मुलीला शिकवली आणि त्या मुलीनं गळ्यात पडू पाहणाऱ्या गुंडाला झोडपलं. ही दंतकथाच; पण कला कमी ताकदीच्या माणसासाठी आहे एवढं मला त्यातून कळलं आणि ताबडतोब पटलं.

तर उभं राहणं. चवडे आत वळवायचे, गुडघे जवळ आणायचे, माकडहाड खाली सोडायचं. नाव 'यी जी किम यूंग मा', म्हणजे गुडघ्यांत शेळी दाबून धरल्यासारखी बैठक. बायको वाळवण काढायला वर आली. बराच वेळ बघून म्हणाली, "कामून असे उभे? पोट बिघडलं का?"

ताकद दंडात नसते, ती हाडांच्या रचनेत असते, असं गुरुजी सांगत. कोपर छातीसमोर, मध्यरेषेवर ठेवायचं. समोरच्यानं ढकललं तर खांद्यानं झुंजायचं नाही. तो जोर कोपरातून कण्यात, कण्यातून टाचेत आणि टाचेतून जमिनीत सोडून द्यायचा. आमच्या मोंढ्यातला हमाल हळदीचं पोतं पाठीवर घेतो ते ह्याच हिशेबानं, पण त्याला कुणी गुरुजी म्हणत नाही. सिद्धांत मला तिसऱ्या आठवड्यात तोंडपाठ झाला. जमिनीला तेवढं कुणी कळवलं नव्हतं.

शेजारी एक निवृत्त पैलवान काका आहेत. सत्तरीचे, गुडघ्यांना तेल चोळत बसलेले असतात. त्यांना म्हणालो, "काका, ढकला मला."

"कुठवर?"

मला वाटलं, विनोद करतायत. एका तळव्यानं त्यांनी मला तुळशीवृंदावनापर्यंत पोचवलं आणि पुन्हा तेलाच्या वाटीकडं वळले.

मग मी त्यांना 'ची साव' समजावलं. दोघांनी मनगटाला मनगट चिकटवून ठेवायचं आणि समोरच्याचा डाव डोळ्यांनी नव्हे, कातडीनं ओळखायचा. काका म्हणाले, "ही तर खडाखडी हाय. तुमचे चिनी लोक लांबूनच थांबतात, आपल्यात मानेला मान लागते." माझ्या मनगटावर त्यांनी दोन बोटं टेकवली. "आता तू डावीकडं सरकणार." मी अजून ठरवलंही नव्हतं. सरकलो मात्र डावीकडंच.

माणूस परवडेना म्हणून लाकडाकडं वळलो. विंग चुनमध्ये सरावाला लाकडी पुतळा असतो, तीन हात आणि एक पाय. सुतारानं माप लिहून घेतलं, कागद दोनदा उलटसुलट केला आणि विचारलं, "सर, दुसरा पाय उधारीवर ठेवू का?" सध्या त्या तीन हातांवर टॉवेल वाळतात.

लाकडाशी झुंजायचं वेड आपल्याकडंही जुनंच. मल्लखांबाची कथा सांगतात त्यात निजामाकडचे अली आणि गुलाब हे पैलवान पेशव्यांना आव्हान देतात आणि बाळंभटदादा देवधर लाकडी खांबावर मेहनत करून त्यांच्यावर मात करतात. पुण्याची माणसं ही कथा ऐकून खूश होतात. आम्ही 1948पर्यंत निजामाकडं होतो. त्या हिशेबानं ती कुस्ती आम्ही हरलो.

दिवाळीला सासुरवाडीला गेलो, सेनगाव तालुक्यात. सासूबाईंनी जंताच्या औषधाची बाटली काढली आणि शेळ्यांच्या खोपटाकडं निघाल्या. मी बाह्या वर केल्या.

"राहू द्या जावईबापू, कपडे खराब होतील."

"मामी, दोन महिने मी याचीच तयारी करतोय."

चवडे आत, गुडघे आत, मध्ये खरीखुरी शेळी. आजवरच्या सरावात शेळीनं कधी हालचाल केली नव्हती. मध्यरेषेचा सिद्धांत मात्र तिला उपजतच येत होता. शिंग तिनं बरोबर तिथंच घातलं. ब्रूस लीनं 1964 साली अमेरिकेत एक इंचावरून बुक्की मारून माणूस खुर्चीत पाडला होता. इथं तेवढंही अंतर नव्हतं आणि खुर्चीही नव्हती.

मी शेणातून उठेपर्यंत सासूबाईंनी शेळी ताब्यात घेतली होती. उंची पाच फुटांच्या आत. चवडे आत वळलेले, गुडघे जुळलेले, कंबर खाली, कोपर बरगडीला टेकलेलं, तळव्यावर शेळीचा जबडा अलगद उचललेला. खांदे ढिले. तोंडानं सुनेला चहाचं आधण ठेवायला सांगणं चालूच. अर्ध्या मिनिटात औषध पोटात.

"आणखी अकरा हायत," मान वर न करता त्या म्हणाल्या. "तुम्ही आपलं नुसतं दार धरा."

मी दार धरलं. कोपर मध्यरेषेवर ठेवून.