ओरडा, पण फोन ठेवू नका

रात्रपाळीत मला झोप कधी येते? सभ्य ग्राहकाचा फोन आला की. ‘सावकाश बघा, मला घाई नाही,’ असं म्हणणारा माणूस देवमाणूसच. पण पहाटे तीनला देवमाणूस परवडत नाही. त्याच्या मऊ आवाजाने मान कलते. याउलट पार्सल पोचलं नाही म्हणून ओहायोतून तडतडणारी एखादी बाई. ‘झोपलात की काय तिकडे?’ असं ती कडाडते आणि माझा पाठीचा कणा ताठ होतो. तिचा अंदाज किती अचूक होता, हे तिला कधी कळत नाही.

करोनाकाळापासून हे काम घरूनच चालतं, शहागंजातल्या माडीवरून. आजी खालच्या खोलीत झोपते. एका सकाळी तिने काळजीने विचारलं, “काय रे, रात्रभर कोणाची एवढी माफी मागत असतोस?”

आमचं घड्याळ न्यूयॉर्कचं. तिथले सकाळचे नऊ म्हणजे हिवाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात, उन्हाळ्यात साडेसहा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडचे काटे तासभर पुढे जातात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात आणि इकडे आमच्या पोळ्यांची वेळ हलते. आईला हे मुळीच मान्य नाही. तिचंही खरं. शहागंजच्या टॉवरवरचं निजामकाळातलं घड्याळ वर्षानुवर्षं बंद पडलेलं होतं, म्हणून इथल्या कुणाचं जेवण चुकलं नाही.

जेवणावरून आठवलं. पाळीआधी नान-खलिया खाऊ नये. महंमद तुघलकाने १३२७च्या सुमारास राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा त्याच्या सैन्यासाठी हा पदार्थ रांधला जाई, असं इथे सांगतात. असेलही. पण तो खाऊन सैन्याला आडवं व्हायची मुभा होती. मला हेडफोन लावायचा असतो.

राहिला चहा. दिवसभर मेंदूत ॲडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि झोप आणतं. कॅफिन त्याला हटवत नाही, एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तशी त्याची जागा फक्त अडवतं. रुमाल उचलला की खोळंबलेली सगळी गर्दी एकदम आत. शिवाय पाच-सहा तासांनीही निम्मं कॅफिन अंगात उरतं. म्हणजे चारला घेतलेला चहा कामाला येतो तो नऊ वाजता, मी पडदे ओढून पडल्यावर, खाली भाजीवाल्याचा आवाज टिपेला पोचलेला असताना.

आणि शरीराचं आतलं घड्याळ तर कुणालाच जुमानत नाही. पहाटेच्या सुमारास अंगाचं तापमान सर्वांत खाली उतरतं, तेव्हा टीम लीडरही जांभया दाबत बोलतो. हे घड्याळ पेशींमध्ये कसं चालतं, ते फळमाश्यांवर अभ्यास करून उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७चं नोबेल मिळालं. शहागंजात फळांच्या गाड्यांवर या माश्यांना तोटा नाही. त्या रात्री मुकाट झोपतात. स्वतःला फळमाशीहून शहाणं म्हणवणं मी तेव्हापासून सोडून दिलं.

वर्षातला एक महिना मात्र माझा असतो. रमजानमध्ये सगळा मोहल्ला सहरीपर्यंत जागा. खाली भांडी वाजतात, पोरं हुंदडतात, चहाची टपरी उघडी. ब्रेकमध्ये खाली उतरलो की टपरीवाले चाचा विचारतात, “क्या मियाँ, अमेरिका सो गया क्या?” परवा कपबशी हातात देता देता त्यांनी खिशातून मोबाइल काढला. त्यांनी मागवलेला मिक्सर कुठेतरी अडकला होता. मी घोट घेतला आणि सवयीने तोंडातून गेलं, “आपको हुई असुविधा के लिए हमें खेद है।”

“वो सब छोड़ो,” चाचा म्हणाले, “मिक्सर कब आएगा?”