सूचक तोच, अनुमोदक तोच

ऑगस्ट २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांनी राणीला सल्ला दिला, की संसद पाच आठवडे बंद ठेवावी. राणी तेव्हा सुट्टीवर, बाल्मोरलला. ब्रेक्झिटवरून अर्धा देश उरलेल्या अर्ध्याशी बोलेनासा झाला होता. पंतप्रधान म्हणाले, नवं सरकार आहे, नव्या कार्यक्रमाची तयारी करायला वेळ हवा. विरोधक म्हणाले, तयारी कसली, आम्ही प्रश्न विचारू नयेत म्हणून दाराला कुलूप लावताय. रस्त्यावर मोर्चे निघाले, सभागृहात शेवटच्या रात्री फलक फडकले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ११ न्यायाधीशांनी २४ सप्टेंबरला एकमतानं सांगितलं, की हे कुलूप बेकायदा आहे, किंबहुना ते लागलंच नव्हतं असं समजा. दुसऱ्या दिवशी खासदार बाकांवर हजर! पाच आठवड्यांचं कुलूप पंधरवड्यात निघालं.

पाच आठवडे आपल्याकडेही झाले. २२ ऑगस्ट २०२२ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांबाबत सांगितलं, पाच आठवडे परिस्थिती जैसे थे ठेवा. सरकारनं ठेवली, निवडणूक आयोगानं ठेवली, सगळ्यांनी इतकी मनापासून ठेवली, की निवडणुका घ्या असा आदेश यायला ६ मे २०२५ उजाडला. मग चार महिन्यांची मुदत मिळाली, मग ती वाढली, मग जानेवारी २०२६. लंडनच्या आठवड्यात सात दिवस असतात. आपल्या आठवड्यात किती असतात, ते पंचांगकर्त्यांनाच विचारावं लागेल.

जळगाव महापालिकेची मुदत सप्टेंबर २०२३ मध्ये संपली, धुळ्याची त्याच डिसेंबरात. जळगाव जिल्हा परिषद तर मार्च २०२२ पासून रिकामी. राज्यघटनेत लिहिलंय, की मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि ती संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे. यातल्या पहिल्या अर्ध्या वाक्याची अंमलबजावणी आपण तारीखवार केली.

आणि गंमत म्हणजे एकही मोर्चा निघाला नाही. जळगावच्या टॉवर चौकात नाही, धुळ्याच्या पाचकंदिलाजवळ नाही.

आता जरा मागे जाऊ, कारण या गोष्टीचं एक मूळ खान्देशातही आहे. मार्च २०२१ मध्ये न्यायालयानं निकाल दिला, की ओबीसींचं आरक्षण मागासलेपणाच्या आकडेवारीवर उभं हवं आणि सगळी आरक्षणं मिळून पन्नास टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत. ज्या जिल्हा परिषदांना याचा फटका बसला, त्यांत धुळे होतं. तिथल्या पंधरा जागा रिकाम्या झाल्या आणि ऑक्टोबरात पोटनिवडणूक घ्यावी लागली. साक्री-शिरपुराकडे आदिवासी लोकसंख्या मोठी. त्यांच्या जागा लोकसंख्येप्रमाणे द्यायच्या, त्यांवर ओबीसींचे सत्तावीस टक्के ठेवायचे, की पन्नासची रेघ ओलांडलीच म्हणून समजा. हा पेच खरा आहे. त्यात खोट काढण्यात अर्थ नाही.

खोट निघते ती पुढे. ५ जुलै २०२१ रोजी मुंबईत विधानसभेचं पावसाळी अधिवेशन भरलं. अधिवेशन दोन दिवसांचं, पावसाला सुद्धा लाज वाटावी असं. विषय हाच : ओबीसींची आकडेवारी केंद्राकडून मिळावी. अध्यक्षांची खुर्ची फेब्रुवारीपासून रिकामी, कारण नाना पटोले राजीनामा देऊन प्रदेशाध्यक्ष झाले होते. तालिका अध्यक्ष भास्कर जाधव यांच्यासमोर गदारोळ झाला. जाधव म्हणाले, मला दालनात शिवीगाळ झाली. भाजप म्हणाला, नाही झाली. अनिल परब यांनी ठराव मांडला आणि भाजपचे बारा आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले. दोन दिवसांच्या अधिवेशनातल्या गैरवर्तनाला वर्षाची सजा! बारांत दोन आपले होते : जामनेरचे गिरीश महाजन आणि शिंदखेड्याचे जयकुमार रावल.

दुसऱ्या दिवशी भाजपनं विधान भवनाच्या पायऱ्यांवर प्रतिविधानसभा भरवली, कालिदास कोळंबकरांना अध्यक्ष केलं. लोकशाहीचा खून, गळचेपी, काळा दिवस, सगळे शब्द वापरून झाले. आणि सांगतो, त्यांचं बरोबर होतं. जामनेरच्या माणसानं काय घोडं मारलं होतं? गोंधळ घातला आमदारानं (घातला असेल तर), आणि वर्षभर मुकं राहायचं कापसाच्या भावाची विचारणा करणाऱ्या मतदारानं? न्यायालयानंही २८ जानेवारी २०२२ रोजी हेच सांगितलं. निलंबन त्या अधिवेशनापुरतंच करता येतं. वर्षभराचं निलंबन हकालपट्टीपेक्षा वाईट, कारण हकालपट्टी झाली तर जागा रिकामी होते, सहा महिन्यांत पोटनिवडणूक तरी लागते. इथे जागाही अडलेली आणि आवाजही गेलेला. ठराव रद्द झाला, बारा जण परत आले, पेढे वाटले गेले.

पेढ्यांची चव तोंडात असतानाच जूनमध्ये महाविकास आघाडीचं सरकार पडलं. ऑगस्टमध्ये गिरीशभाऊ मंत्री झाले. खातं कोणतं? ग्रामविकास आणि पंचायत राज. म्हणजे जिल्हा परिषदांचं खातं. आणि त्यांच्या स्वतःच्या जळगाव जिल्ह्याची जिल्हा परिषद तेव्हा पाच महिने सदस्यांविना चालली होती. एका मतदारसंघाला बारा महिने प्रतिनिधी नसणं म्हणजे लोकशाहीचा खून, तर अख्ख्या जिल्ह्याला वर्षानुवर्षं प्रतिनिधी नसणं म्हणजे काय? उत्तर तयार होतं : प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.

न्यायप्रविष्ट तर होतंच. पण ते न्यायालयात कोणी आणि कसं अडकवलं, हेही बघा. महाविकास आघाडीनं सदस्यसंख्या वाढवली आणि मार्च २०२२ मध्ये कायदा करून प्रभाग पाडण्याचे अधिकार आयोगाकडून सरकारकडे घेतले. शिंदे-फडणवीस सरकारनं ऑगस्टमध्ये सदस्यसंख्या पुन्हा पहिल्यासारखी केली. एकानं भिंत बांधली, दुसऱ्यानं पाडली, दोघंही कोर्टात उभे आणि दोघांनाही तारीख मिळाल्याचं फारसं दुःख नाही. निवडणूक लागली की तिकिटं वाटावी लागतात, पाच जण नाराज होतात, एक जण फुटतो. तारीख मिळाली की कुणीच फुटत नाही.

फुटण्यावरून आठवलं. मार्च २०२१ मध्ये जळगावात महापौरपदाची निवड झाली. ७५ पैकी ५७ जागा जिंकलेल्या भाजपचे २७ नगरसेवक शिवसेनेकडे गेले, सभा ऑनलाइन झाली आणि ४५ विरुद्ध ३० मतांनी जयश्री महाजन महापौर झाल्या. फुटलेल्या आमदारांमुळे गुवाहाटी हे नाव सगळ्या महाराष्ट्राला माहीत व्हायच्या सव्वा वर्ष आधी जळगावकरांची तालीम झाली होती. पण त्या तमाशातही कोण कुठे गेलं, कुणी कुणाला मत दिलं, हे गावाला दुपारपर्यंत कळलं.

मुदत संपली की प्रशासक येतो, आणि त्याच्या राज्यात ही सोय नाही. महापालिकेत आयुक्त हेच प्रशासक. महासभेचे अधिकार त्यांच्याकडे, स्थायी समितीचे त्यांच्याकडे, आणि आयुक्तपद तर होतंच. म्हणजे प्रस्ताव कसा मंजूर होत असेल, ते डोळ्यांपुढे आणा. आयुक्त प्रस्ताव तयार करतात आणि स्थायी समितीकडे पाठवतात. स्थायी समिती, म्हणजे आयुक्त, त्यावर साधकबाधक विचार करून महासभेकडे शिफारस करते. महासभा, म्हणजे आयुक्त, कोरम आहे का बघते. कोरम शंभर टक्के. सूचक आयुक्त, अनुमोदक आयुक्त. विरोधात कुणी आहे का, असं विचारतात आणि कोपऱ्यातल्या पंख्याकडे बघतात. पंखा नकारार्थी मान हलवत असतो, पण त्याला मताधिकार नाही. ठराव सर्वानुमते मंजूर. मग महासभा अंमलबजावणीसाठी ठराव आयुक्तांकडे पाठवते.

जळगावच्या महापालिकेची इमारत सतरा मजली आहे. दोन वर्षं चार महिने या सतरा मजल्यांवर निवडून आलेला एकही माणूस बसत नव्हता.

यावर गावात ऐकू येणारं उत्तरही लिहिलं पाहिजे. चहाच्या गाडीवर ते एका दमात मिळतं : "बरं जायं भो, कटकट मिटनी." नगरसेवक नाहीत तर टक्केवारी नाही, भांडणं नाहीत, सभेत खुर्च्या फेकणं नाही. या माणसाला मूर्ख म्हणायची माझी हिंमत नाही, कारण त्याच्याकडे पुरावा आहे. जॉन्सन साहेबांचा सल्ला राणीकडे गेला, त्याच आठवड्यात, ३१ ऑगस्ट २०१९ रोजी, धुळ्याच्या विशेष न्यायालयानं जळगाव घरकुल घोटाळा प्रकरणात ४८ जणांना दोषी ठरवलं. त्यांत माजी मंत्री होते, आजी-माजी नगरसेवक होते. अपिलं पुढे वर गेली. आणि २००६ मध्ये फिर्याद कुणी दिली होती? तेव्हाचे आयुक्त प्रवीण गेडाम यांनी. म्हणजे निवडून आलेल्यांचं प्रकरण नेमलेल्या माणसानं बाहेर काढलं. चहावाल्याचा मुद्दा इथे पक्का बसतो, आणि तो खोडायला माझ्याकडे चमचमीत असं काही नाही.

एवढंच, की त्या प्रकरणात ठराव होते आणि ठरावांमागे माणसं होती. कोण बाजूनं होतं, हे शोधता आलं म्हणून खटला उभा राहिला. उद्या प्रशासकाच्या काळातल्या एखाद्या कंत्राटाची चौकशी लागली, तर हात वर करणारा एकच सापडेल, आणि त्याची तोवर तिसरीकडे बदली झालेली असेल. गेडामांसारखा आयुक्त मिळाला तर सोनं. पण तो येतो आणि जातो मंत्रालयाच्या आदेशानं, जळगावकराच्या मतानं नव्हे. शिवाय अमृत योजनेसाठी खणलेला रस्ता बुजवा म्हणून मंत्रालयात कुठे जायचं? नगरसेवक निदान लग्नात सापडायचा.

आणि हा तोच जिल्हा बरं का, जिथे १९३६च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. १९३५चा कायदा आम्हाला नको, आमची घटना आमची घटना समिती लिहील, अशी मागणी तिथे झाली. केळीच्या बागांत बसून लोकांनी एक अख्खं सभागृह मागितलं. त्यांच्या नातवंडांना वॉर्डाचा सदस्य गेलेला कळलासुद्धा नाही.

असो. अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी जळगाव आणि धुळे महापालिकांसाठी मतदान झालं. इतकी वर्षं थांबलेला मतदार आता बोटाला शाई लावून घेणार, म्हणून मीही जरा उत्साहात होतो. पण दोन्ही शहरांत काही जागांचा निकाल मतदानाआधीच लागला. अर्ज मागे घ्यायच्या मुदतीत समोरचे एकेक करून मागे सरले आणि उमेदवार बिनविरोध. तिथेही आता ठराव प्रशासकांसारखाच : विरोधात कुणी आहे का? कुणी नाही.

फेब्रुवारीत राज्यातल्या बारा जिल्हा परिषदांसाठी मतदान झालं. त्या यादीत जळगाव नव्हतं आणि धुळेही नव्हतं. पन्नासच्या रेघेचा निकाल व्हायचाय. गिरीशभाऊ आणि जयकुमारभाऊ दोघंही मंत्रिमंडळात आहेत, आणि प्रतिविधानसभा कशी भरवायची याचा अनुभव त्यांच्या पक्षाला आहे. जिल्हा परिषदेच्या पायऱ्या रिकाम्याच आहेत. माइक आम्ही वर्गणी काढून देऊ.