सगळ्यांचा अकरावा

घरात भिंतीवर टीव्ही असताना तो बघायला कुणी परदेशी जातं, असं परभणीत सांगून बघा. समोरचा आधी तुमच्याकडे आणि मग तुमच्या मुलाबाळांकडे काळजीने पाहील. मी मात्र मे २०२५ मध्ये नेमकं तेच केलं. पुतणी स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला असते आणि त्या वर्षीचं युरोव्हिजन तिच्याच गावात होतं. देशोदेशींनी एकेक गाणं घेऊन यायचं आणि एका रात्रीत त्यांतलं अव्वल कोणतं ते ठरवायचं, हा उद्योग युरोपात १९५६ पासून चालला आहे. त्या वर्षी ३७ देश आले होते, अंतिम फेरीत २६ उरले. खरं गाणं सेंट याकोब्सहाले नावाच्या सभागृहात. आमच्या वाट्याला आलं शेजारचं फुटबॉलचं मैदान. तिथे मोठमोठे पडदे टांगलेले आणि समोर तिकीट काढून आलेली छत्तीसेक हजार माणसं. म्हणजे पलीकडे माणूस प्रत्यक्ष गातोय आणि अलीकडे आम्ही त्याला टीव्हीवर बघतोय.

मला यात नवीन काहीच वाटेना. १९८७ साली रामायण लागायचं तेव्हा आमच्या नानलपेठेत टीव्ही असलेल्या घराची रविवारी सकाळी अशीच अवस्था व्हायची. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत मांडीला मांडी लावून बसलेली गल्ली, आणि गच्चीवर अँटेना धरून उभा केलेला एक मुलगा. "आलं का?" तो वरून ओरडायचा. "आलं, आलं! आता हलू नको!" खालून सगळे ओरडायचे. त्याने हलायचं नाही, हीच सगळ्यांची सोय. रामायण घरोघर पोहोचलं म्हणतात, पण त्या पोराच्या वाट्याला फक्त आवाज आला. बाझेलच्या मैदानात, गार वाऱ्यात, हातात कुणीतरी दिलेला कुठल्याशा देशाचा झेंडा धरून उभं असताना मला तो फार आठवला.

बाजू कोणाची घ्यायची, हा प्रश्न मला पडला नाही. जगात जर्मनी, भारतात परभणी, ही म्हण ज्याच्या कानावर लहानपणापासून आहे त्याला युरोपात दुसरा पक्ष कुठून असणार? ही म्हण कुणी काढली आणि जर्मनीला तिचा पत्ता आहे का, या भानगडीत आमच्याकडे कुणी पडत नाही. (दुसरी एक म्हण आहे, बनी तो बनी, नहीं तो परभणी. ती आम्ही पाहुण्यांसमोर काढत नाही.) जर्मनीकडून भाऊ-बहीण आले होते, आबोर आणि टिना. मी मनापासून टाळ्या वाजवल्या. मग पुतणीने हळूच सांगितलं, "काका, ते दोघं व्हिएन्नाचे आहेत. ऑस्ट्रियातले." स्वीडनतर्फे सौनातल्या वाफेचं गाणं म्हणणारे तिघं निघाले फिनलंडचे. १९८८ मध्ये स्वित्झर्लंडला जिंकून देणारी सेलिन डिऑन तर कॅनडाची. ऑस्ट्रेलिया २०१५ पासून या युरोपीय स्पर्धेत येतो आणि त्याला तू इकडे कसा, असं कुणी विचारत नाही. एकूण, ज्याने त्याने आपल्याच गावचं असावं असा तिथे आग्रह नाही. परभणीच्या माणसाने जर्मनीचा झेंडा हलवला तर कुणाचं काय बिघडणार होतं?

आणि मत? तिथे एक विलक्षण नियम आहे. स्वतःच्या देशाला मत द्यायचंच नाही. बाकी कुणालाही द्या, आणि त्या वर्षी तर एकट्याने वीसपर्यंत देता येत होती, अगदी राजरोस. पुतणीने फोन माझ्या हाती दिला. एका माणसाला वीस मतं ही कल्पनाच इतकी सुखाची होती की काही वेळ मी नुसता फोनकडे बघत राहिलो.

आपल्याकडे मत हे आपल्याच माणसाला द्यायचं असतं, त्यासाठी तर ते असतं. २००८-०९ मध्ये सारेगमपचे लिटल चॅम्प्स आले तेव्हा लातूरच्या रोहित राऊतसाठी आमच्याकडे काय धावपळ! एरवी लातूरचं नाव निघालं की परभणीकर जरा ताठ बसतो. पण तेव्हा लातूर म्हणजे आपलंच, मराठवाड्याचं. गाणं ऐन रंगात असताना लाइट जायची, मग अंधारात चाचपडत, मेणबत्तीच्या उजेडात मोबाइलची बटणं दाबून नेहमीपेक्षा महागाचा मेसेज पाठवायचा. आमच्या सौभाग्यवती बिलाच्या बाबतीत कडक, पण त्या महिन्यात त्यांनी बिलाकडे पाहिलंही नाही. जिंकली आळंदीची कार्तिकी गायकवाड. आम्हाला तीही मनातून आवडायचीच, पण मत देऊन तसं सांगायचं धाडस कुणात होतं?

असं धाडस सक्तीने करायला लावणारी एक स्पर्धा होऊन गेली आहे. डिसेंबर २००७, जकार्ता, एशियन आयडॉल. सहा देशांच्या आपापल्या आयडॉलचे विजेते, भारताकडून आपला अभिजीत सावंत. नियम असा की एकाच मेसेजमध्ये दोन नावं द्यायची, नाहीतर मत बाद. पहिलं नाव अर्थातच प्रत्येकाने आपल्या माणसाचं टाकलं असणार. खरी गंमत दुसऱ्या नावाची, कारण तिथे अभिमान संपतो आणि आवड सुरू होते. जिंकला सिंगापूरचा हादी मिर्झा, एवढ्याशा देशाचा गायक. माझा तर्क असा की तो बऱ्याच जणांचा दुसरा असावा. कुणाच्या घरी पहिला नाही, पण सगळ्यांच्या घरी दुसरा! लग्नाच्या पंगतीत हाक न मारता वाढायला उभा राहणारा जो कुणी असतो, त्याच्या वाट्याला एकदा तरी हार आला, याचं मला अजूनही बरं वाटतं.

बाझेलमध्ये याच्या उलटं घडलं. स्वित्झर्लंडची झोई मे, चोविसेक वर्षांची मुलगी, जन्म बाझेलचाच. फ्रेंचमधलं शांत गाणं, ना आग, ना धूर. परीक्षकांनी तिला २१४ गुण देऊन दुसऱ्या नंबरवर बसवलं. मग जनतेचे गुण जाहीर होऊ लागले, खालून वर. तिची पाळी आली तेव्हा कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर होता. शून्य. मैदानावरून एक सुस्कारा गेला, भरून आलेलं आभाळ न बरसता पुढे सरकावं तसा. आपल्याच गावात, आपल्याच माणसांसमोर शून्य, आणि त्या माणसांचे हात नियमाने बांधलेले! फोन हातात, वीस मतं हक्काची, आणि त्यातलं एकही तिला देता आलं नव्हतं. पुतणीचे डोळे भरले. इतकी वर्षं तिथे राहून ती केव्हा तिथली झाली, हे तिला तरी कळलं होतं का कोण जाणे.

मी तिला समजावलं ते हिशेबाच्या आधाराने, कारण रडणाऱ्या माणसासमोर आमच्या पिढीला दुसरं काही सुचत नाही. प्रत्येक देशाची जनता पहिल्या दहाच गाण्यांना गुण देते. तेव्हा शून्य म्हणजे कुणालाच आवडली नाही असं नाही. कदाचित ती देशोदेशी अकरावी आली असेल. लाखो लोकांनी गाणं गुणगुणलं असेल, पण मत द्यायच्या वेळी दहा जण पुढे होते. "काका, सगळ्यांची अकरावी म्हणजे किती आवडती!" पुतणी डोळे पुसत म्हणाली. मराठवाड्यात जन्मलेल्या माणसाला अकराव्या नंबरचं गणित वेगळं शिकवावं लागत नाही, असं मनात आलं, पण परक्या देशात मागासलेपणाचा विषय काढला नाही.

शेवटी जिंकला ऑस्ट्रियाचा जेजे, ऑपेराच्या तालमीतला, आवाज असा की छातीतून निघून थेट पत्र्यावर जाऊन आदळावा. जर्मनी पंधरावी आली. परभणीत तेव्हा पहाटेचे साडेचार झाले असतील, पण सौभाग्यवती जाग्या होत्या आणि मोबाइलवर सगळं बघत होत्या. फोन उचलल्या उचलल्या म्हणाल्या, "कामून हो, त्या लेकराला एकबी मत नाही? तुमच्यापाशी वीस होते म्हणलात ना?"

मी नियम सांगितला. त्यांना तो पटला नाही. मग मी माझी वीसच्या वीस मतं जर्मनीला दिली आणि ती हरली, हेही सांगून टाकलं.

"जिंकलेला पोरगा कुठला म्हणायलेत?"

"व्हिएन्नाचा."

"आन् तुमचे जर्मनीवाले?"

"तेही तिथलेच."

"मग हरली कुठं?" त्या म्हणाल्या. "या आता घरी. दूधवाला आलाय."