एका लॅपटॉपवर चार गिऱ्हाइकं: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

हे मार्गदर्शन पेण, रोहा आणि मधल्या कासू-नागोठणे-निडी पट्ट्यात राहणाऱ्या, एक लॅपटॉप बाळगणाऱ्या आणि ‘तो कम्प्युटरचं करतो’ किंवा ‘ती कम्प्युटरचं करते’ अशी ख्याती झालेल्या सर्वांसाठी आहे. ख्याती कशी मिळवावी हे इथे शिकवलेलं नाही. नात्यातल्या कुणाच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद एकदा ओढून काढावा, बाकीचं गाव बघून घेतं.

पूर्वतयारी

चार गिऱ्हाइकं घ्या. पहिले पेणचे मूर्ती कारखानदार काका. पेणच्या गणपतींची कीर्ती परदेशी पोचलेली असल्यामुळे ‘तिकडचे लोक वेबसाइट विचारतात’ हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. दुसऱ्या पोहे आणि पोह्यांचे पापड विकणाऱ्या मावशी. तिसरा कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग नेणारा मित्र. सकाळी धरणाचं पाणी सुटतं तेवढ्यात त्याचा धंदा आटपतो, उरलेला दिवस तो तुम्हाला फोन करायला मोकळा. चौथे धाटाव एमआयडीसीतल्या कारखान्यांना व्हॉल्व्ह आणि गास्केट पुरवणारे रोह्याचे शेठ. त्यांना साइट ‘सिंपल पण इंटरनॅशनल’ हवी आहे.

चौघांनाही ती गणपतीच्या आत हवी. मूर्तीवाल्यांचं समजू शकतं. गास्केटचा आणि चतुर्थीचा संबंध काय, हे शेठना विचारू नये.

भाड्याचा सर्व्हर एवढ्यात घेऊ नका. चौघांपैकी एकाचाच बयाणा आलेला असतो आणि तोही पोह्यांच्या रूपात. लॅपटॉपलाच सर्व्हर बनवायचं. शिवाय दिवा-रोहा गाडीत नेट मधूनच जातं. साइट लॅपटॉपमध्ये असली की निडीला सिग्नल असो वा नसो, पानं उघडतातच. रोह्याला मध्य रेल्वे संपते, कोकण रेल्वे सुरू होते आणि शेठच्या शंकाही तिथूनच सुरू होतात.

पायरी पहिली: सर्व्हर बसवणे

झॅम्प नावाचं फुकट गाठोडं उतरवून घ्या. त्यात अपाची हा वेब सर्व्हर, मारियाडीबी हा डेटाबेस, पीएचपी आणि पर्ल एकत्र येतात. कंट्रोल पॅनलमध्ये अपाचीसमोरचं ‘स्टार्ट’ दाबा. हिरवं झालं तर पुढे जा. लाल झालं तर ८० नंबरचा पोर्ट आधीच कुणीतरी अडवलाय. बहुधा तो विंडोजचा स्वतःचाच वेब सर्व्हर असतो, कधीकाळी गंमत म्हणून चालू केलेला. पूर्वी हे पाप स्काइपचंही असायचं. स्काइप २०२५ च्या मे महिन्यात कायमचं बंद झालं, तेव्हा संशयितांच्या यादीतून त्याचं नाव वगळा.

आता एचटीडॉक्स फोल्डरात चौघांचे चार फोल्डर करा आणि ‘लोकलहोस्ट’पुढे तिरकी रेघ मारून फोल्डरचं नाव लिहा. साइट उघडेल. इथे थांबायचा मोह होतो. थांबू नका. जिच्या पत्त्याची सुरुवातच तिरक्या रेघेने होते अशी प्रत्येक चित्राची वाट मुळापासून मोजली जाते. खऱ्या सर्व्हरवर मूळ म्हणजे काकांची साइट. तुमच्याकडे मूळ म्हणजे एचटीडॉक्स, जिथे काकांचं काहीच नाही. म्हणून इथे बाप्पाचे फोटो गायब होतात. ते दिसावेत म्हणून वाटा बदलल्या, तर त्याच वाटा खऱ्या सर्व्हरवर चुकतात. मग काका विचारतात, ‘बाळा, गणपती कुठे गेले?’ आणि याला देण्याजोगं उत्तर नाही.

पायरी दुसरी: चिठ्ठ्या लावणे

उपाय म्हणजे प्रत्येक साइटला स्वतःचं नाव देणं. शास्त्रात याला व्हर्च्युअल होस्ट म्हणतात. समजायला कठीण वाटलं तर काकांच्या कारखान्यात जाऊन उभे राहा. आखणी झालेल्या मूर्ती ओळीने मांडलेल्या असतात आणि बुक झालेल्या प्रत्येकीला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी असते. दार एकच, पत्ता एकच. आलेला माणूस नाव सांगतो, काका चिठ्ठी शोधतात, मूर्ती त्याच्या हाती देतात. ब्राउझरही दारात येऊन प्रत्येक वेळी नाव सांगतो: मला अमुक साइट हवी.

हे नाव सांगणं सुरुवातीला सक्तीचं नव्हतं. ब्राउझर दारात येऊन नुसतं पान मागायचा, कुणाचं ते सांगायचाच नाही. त्यामुळे दर साइटला वेगळा आयपी पत्ता घ्यावा लागे, म्हणजे दर मूर्तीला वेगळा कारखाना. जानेवारी १९९७ मध्ये एचटीटीपी १.१ चा मसुदा प्रसिद्ध झाला आणि त्यात ‘होस्ट’ ही ओळ सक्तीची झाली. स्वस्तातलं सगळं होस्टिंग त्या एका ओळीवर उभं आहे.

अपाचीच्या कॉन्फ फोल्डरात एक्स्ट्रा, त्यात व्हीहोस्ट्सची फाइल. तिथे प्रत्येक गिऱ्हाइकासाठी एक कप्पा लिहा. कप्प्यात दोन ओळी महत्त्वाच्या: ‘सर्व्हरनेम’ म्हणजे चिठ्ठीवरचं नाव, ‘डॉक्युमेंटरूट’ म्हणजे मूर्ती ठेवलेली जागा. साइटचे फोल्डर एचटीडॉक्सच्या बाहेर ठेवले असतील तर ‘रिक्वायर ऑल ग्रँटेड’ ही परवानगीही लागते. नाही दिली तर अपाची ४०३ म्हणून तोंडावर दार लावतो, आणि निम्मे नवशिके याच दारात रात्र काढतात.

आता खरी मेख. चिठ्ठी नसलेलं नाव आलं तर अपाची ‘असं कुणी नाही’ म्हणत नाही. कारण विचारत नाही, कपाळाला आठी घालत नाही; यादीतला पहिला कप्पा उघडून देतो. काका असं कधीच करणार नाहीत. अपाची करतो, आणि तेही नम्रपणे. तुम्ही शेठच्या नावात एक अक्षर चुकवलंत की शेठच्या केबिनमध्ये ‘बाप्पा निघाले गावाला’ असं हलतं बॅनर झळकतं. त्यामुळे पहिला कप्पा कुणाही गिऱ्हाइकाचा ठेवू नये. तो ‘लोकलहोस्ट’च्या नावाने, जुन्या एचटीडॉक्ससाठी ठेवावा. असा कप्पा केला नाही तर पहिलं गिऱ्हाईक घालताच झॅम्पचं स्वागताचं पान नाहीसं होतं आणि तिथे काका येऊन बसतात.

पायरी अडीच: नाव कुठलं ठेवावं

शेवटी ‘डॉट देव’ लावायची हुक्की येईल. पूर्वी सगळे तेच लावत. तो खरा डोमेन गूगलच्या ताब्यात आहे, आणि २०१७ च्या डिसेंबरात क्रोमने त्यातल्या सगळ्या नावांना सुरक्षित जोडणी सक्तीची केली. बऱ्याच जणांच्या घरच्या साइट एका सकाळी उघडेनाशा झाल्या. ‘डॉट टेस्ट’ लावा. १९९९ मध्येच हे शेपूट चाचणीसाठी राखून ठेवलंय, ते कुणालाही विकत मिळणार नाही.

मावशींचा आग्रह असेल की नाव मराठीत हवं. रास्त आहे, ‘डॉट भारत’ हा देवनागरी डोमेन २०१४ पासून उपलब्ध आहे. पण ब्राउझर आतल्या आत देवनागरी नावाचं रोमन अक्षरांत रूपांतर करतो आणि त्याला पोह्यांशी कसलंही साम्य उरत नाही. फाइलीत तेच विद्रूप नाव लिहावं लागतं. मावशींना ते दाखवू नये.

पायरी तिसरी: होस्ट्स फाइल

चिठ्ठ्या लावल्या, पण ब्राउझरला कारखान्याचा पत्ता कळायला हवा. विंडोजच्या पोटात सिस्टिम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी, त्यात ‘होस्ट्स’ नावाची फाइल. नोटपॅड ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडूनच तिला हात लावा. दर नावासाठी एक ओळ: आधी १२७.०.०.१, मग नाव. इथे आकडे देवनागरी छापलेत ते मासिकाच्या शिस्तीमुळे; तुम्ही इंग्रजी लिहा. पोर्ट, तिरकी रेघ, फोल्डर यातलं काहीही लिहू नका, ही फाइल फक्त नाव आणि पत्ता जाणते. आणि नोटपॅड मायेने मागे ‘डॉट टीएक्सटी’ जोडतो ते काढा, नाहीतर तुम्ही शेजारच्याच फाइलीत आयुष्यभर लिहीत राहाल.

१२७.०.०.१ म्हणजे ‘मी स्वतः’. खरं तर १२७ ने सुरू होणारे सगळे पत्ते यासाठीच राखलेले आहेत, एक कोटी सदुसष्ट लाखांहून जास्त. स्वतःशी बोलायला इतकी सोय दुसऱ्या कुठल्याच क्षेत्रात नाही.

अपाची बंद करून पुन्हा सुरू करा. पूर्वी काही उघडलं नसेल तर ते नशिबामुळे नव्हे, या कृतीवाचून.

काय करू नये

‘बघा, झाली साइट’ म्हणून ‘मूर्ती डॉट टेस्ट’ ही लिंक काकांना व्हॉट्सॲपवर पाठवू नका. काकांच्या मोबाइलला हे नाव माहीत नाही, आणि १२७.०.०.१ पाठवलंत तर त्या मोबाइलच्या लेखी ‘मी स्वतः’ म्हणजे काकांचा मोबाइल. त्यात साइट नाही, शुभ सकाळचे फोटो आहेत. लॅपटॉप उचला आणि कारखान्यात जा. कारखान्यात चहा मिळतो.

एक साइट कॉपी करून दुसरी बनवणार असाल तर डेटाबेसही वेगळा करा. साइट वर्डप्रेसवर बांधलेली असेल तर तो तिचा पत्ता डेटाबेसात लिहून ठेवतो. नुसता फोल्डर उचललात तर राफ्टिंग उघडायला जाल आणि पापडांवर पोचाल. पापडाचा भाव बदललात की राफ्टिंगचाही बदलेल.

पायरी शेवटची: साइट खऱ्या सर्व्हरवर गेल्यावर

जाण्याआधी खरं नाव कसं दिसतं ते पाहायला तुम्ही काकांचा खरा डोमेन होस्ट्स फाइलीत १२७.०.०.१ समोर लिहिलेला असेल. सगळेच लिहितात. मग साइट वर जाते, पेढे वाटले जातात आणि चार दिवसांनी काकांचा फोन येतो: फोन नंबरातला एक आकडा चुकलाय, मुंबईची माणसं भलत्यालाच फोन करतायत. तुम्ही उघडून बघता, आकडा बरोबर. काका म्हणतात चूक, तुम्ही म्हणता बरोबर. काकांना मोबाइल बंद करून चालू करायला सांगू नका, मुलाच्या फोनवर बघायला सांगू नका, त्यांच्या चष्म्याबद्दल तर अवाक्षर काढू नका. होस्ट्स फाइल उघडा. जग खऱ्या सर्व्हरवरची साइट बघतंय, तुम्ही एकटे अजून लॅपटॉपमधली. ती ओळ खोडा, लॅपटॉपने लक्षात ठेवलेल्या पत्त्यांची, म्हणजे डीएनएसची, साठवण साफ करा, ब्राउझर बंद करून उघडा. चुकलेला आकडा तुम्हालाही दिसेल. तो दुरुस्त करा, आणि लगेच मावशींची साइट तपासा, कारण तशीच ओळ तिच्यासाठीही लिहिलेली असणार.