सुखी उंदराचा सदरा

बाटलीत अश्वगंधा आहे, ब्राह्मी आहे, जटामांसी आहे आणि त्यांच्या जोडीला वीस अब्ज जिवाणू आहेत. ते कोणी मोजले, हे विचारायचं नसतं. खाली हिरव्या अक्षरांत लिहिलंय: ‘चिंता व नैराश्यावर संशोधनाने सिद्ध. कोणतेही दुष्परिणाम नाहीत.’ किंमत तळाशी, बारीक टायपात. ती वाचून लागणारी चिंता बहुधा संशोधनाच्या कक्षेबाहेरची असावी.

हे संशोधन झालं कुणावर? तर उंदरांवर.

2011 साली आयर्लंडमधल्या संशोधकांनी उंदरांना लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससचा एक वाण खाऊ घातला आणि पाण्याच्या भांड्यात सोडलं. भांड्यातून बाहेर पडायची सोय नाही. जो उंदीर हातपाय मारत राहतो तो उमेदीचा, जो नुसता तरंगतो तो निराश. अशी ही परीक्षा 1977 पासून चालत आलीय. जिवाणू खाल्लेले उंदीर जास्त वेळ झगडले. पोट आणि मेंदू यांना जोडणारी व्हेगस नस कापली, तर मात्र जिवाणूंची जादू चालेना. काम चोख होतं, त्याबद्दल तक्रार नाही.

पण तरंगणं म्हणजे नैराश्य, हे कळल्यापासून मला तरणतलावावरच्या काकांची काळजी लागलीय. सहाच्या बॅचला येतात, पोट वर करून तासभर पडून राहतात आणि बाहेर येऊन दोन प्लेट पोहे खातात. शास्त्रानुसार हा माणूस पार खचलेला आहे. उलट सकाळच्या फास्ट लोकलला जो कोपरं मारत घुसतो, एका पायावर दारात लोंबकळतो, तो कमालीचा आनंदी. या हिशेबाने सकाळचं डोंबिवली हे देशातलं सर्वांत सुखी गाव ठरतं. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमातही आता पत्रिका नको, मुलाला विहिरीत सोडा आणि घड्याळ लावा. बरं, तरंगणाऱ्या उंदराला कोणी विचारलं का, की बाबा रे, तू निराश आहेस की शहाणा झालास? भिंत चढता येत नाही हे कळल्यावर दम राखून ठेवणं, याला सरकारी कचेरीत अनुभव म्हणतात आणि त्यावर वेतनवाढही मिळते.

पुढे 2017 मध्ये तोच वाण 29 निरोगी पुरुषांना दिला गेला. ना ताण कमी झाला, ना बुद्धी वाढली. संशोधकांनी तेही छापलं. बाटलीवाल्यांनी मात्र उंदरापाशीच वाचन थांबवलं.

इथवर ठीक होतं. पण ‘दुष्परिणाम नाहीत’ हे वाक्य लिहिणाऱ्याला मला एकदा भेटायचंय. सेंट जॉन्स वर्ट ही परदेशी वनस्पती सौम्य ते मध्यम नैराश्यावर काही चाचण्यांत खरोखर उपयोगी ठरलीय. पण तीच गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा असर कमी करते, आणि नैराश्याच्या काही गोळ्यांबरोबर घेतली तर सेरोटोनिन धोकादायक पातळीपर्यंत चढू शकतं. अश्वगंधेच्या गोळ्या घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणे झाडपाला आहे, काय होतंय! धोतराही झाडपालाच आहे, घ्या वाटून.

आणि प्रत्येक घरातल्या त्या मावशी! भाची पंधरा दिवस अंथरुणातून उठलेली नाही, केस विंचरलेले नाहीत, आणि मावशींचा पहिला प्रश्न, “पोट साफ होतं का गं?” दुसरं वाक्य, “त्या डॉक्टरांच्या गोळ्यांची सवय लागते, बंद कर बाई.” अहो, त्या गोळ्या अचानक बंद केल्या की पोरगी आणखी ढासळू शकते. डॉक्टरांना न विचारता त्या थांबवायला तुम्ही कोण? तपासणीच्या वेळी डॉक्टर विचारतात, “आणखी काही घेता का?” घरचे एका सुरात “नाही” म्हणतात, आणि बाटली मावशींच्या पर्समध्ये असते. बाहेर आल्यावर त्या समजावतात, “ते औषध थोडंच आहे?”

औषध नाही, तर ‘सिद्ध’ कशाला? आणि औषध आहे, तर डॉक्टरांपासून लपवता कशाला?