हिंजवडीचा धावपटू

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. हिंजवडीतल्या अभियंत्याला ते जानेवारीत मुंबईच्या रस्त्यांवर कापायचे असते, म्हणून दिवाळीआधीपासून पहाटे साडेचारचा गजर लागतो. पण कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा हिवाळ्यात पुण्यात रात्रीचे साडेदहा झालेले असतात, आणि क्लायंट तेव्हाच ताजातवाना असतो. कात्री लागते ती झोपेला. लांब पल्ल्याच्या सरावाचा वार रविवार; नवे रिलीज चढवण्याचा मुहूर्त शनिवारी रात्रीचा. २८व्या किलोमीटरला कमरपट्ट्यातला फोन थरथरतो. फुटपाथवर उकिडवा बसून, ओला अंगठा चड्डीला पुसत, धावपटू मेसेज पाठवतो: ‘नेटवर्क नाही.’ मनगटावरचे घड्याळ मात्र त्याने आधीच थांबवलेले असते. सरासरी बिघडता कामा नये. बढती हुकते, पदक मिळते, आणि पदकाचा फोटो एचआरच्या पोस्टरवर झळकतो.